स्लॅबच्या मालाचं माप: फरमा, ओली वाळू आणि पाण्याचा हिशेब

स्लॅब गळायला लागला की पहिला संशय सिमेंटवर जातो. ‘कंपनी बदलायला पाहिजे होती’ असं येणारा-जाणारा पाहुणाही सांगून जातो. पण सातारा-सांगलीकडच्या घरगुती बांधकामांवर मोजून पडणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे सिमेंट. तेही पोत्यात मोजूनच येतं म्हणून. खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) पाट्यांनी पडते. पाटी सकाळी शिगोशीग, दुपारी पाऊण. आणि पाणी तर मिक्सरवरच्या गड्याच्या हातातल्या पाइपावर. वरून कुणीतरी ओरडतं, “माल लय घट्ट झालाय, वाईच पाणी सोड!” आणि तो सोडतो. किती सोडलं ते त्यालाही सांगता येत नाही.

हा लेख अशा कामांसाठी आहे: साइटवरच एक पोत्याचा मिक्सर लावून 1:1.5:3 (सिमेंट:वाळू:खडी) या प्रमाणात, म्हणजे एम 20 (28 दिवसांनी चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकद) म्हणून टाकलेले स्लॅब, बीम, कॉलम. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे आरसीसीला किमान एम 20 लागतं, आणि प्रमाणावर माल करायची मुभाही तिथपर्यंतच आहे. इंजिनिअरने एम 25 किंवा त्यावरचं सांगितलं असेल तर मिक्स डिझाइन आणि वजनकाटा पाहिजे. तिथे फरम्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, भागत नाही.

## 1. आठवडाभर आधी: फरमा करून घ्या

सिमेंटचं 50 किलोचं पोतं म्हणजे घनफळात जवळपास 35 लिटर. म्हणून फरमाही 35 लिटरचाच हवा: आतून लांबी 40 सेंमी, रुंदी 35 सेंमी, खोली 25 सेंमी. पत्र्याचा चालेल, लाकडाचाही चालेल. दोन्ही बाजूंना दोन माणसांना धरता येतील अशा मुठी लावा, कारण खडीने भरलेला फरमा पन्नास किलोच्या वर जातो.

सुतार हटकून बाहेरून माप घेतो. पाऊण इंची फळी दोन्ही बाजूंनी आत आली की आतलं माप जवळपास 4 सेंमीने कमी भरतं आणि फरमा 30 लिटरच्याही खाली येतो. सांगताना ‘आतून’ हा शब्द दोनदा सांगा आणि फरमा ताब्यात घेताना टेपने स्वतः मोजा.

एका पोत्याला खडी तीन फरमे: दोन 20 एमएमचे, एक 10-12 एमएमचा. नुसत्या 20 एमएम खडीवर माल करू नका. दोन खड्यांमधल्या पोकळ्या भरायला बारीक खडी नसेल तर ते काम वाळू-सिमेंटच्या अंगावर पडतं आणि माल खडबडीत होतो.

वाळू दीड फरमा. हा ‘अर्धा’ फरमा डोळ्यांनी मापला की घोळ झालाच. त्यापेक्षा वाळू दोन सारख्या भरण्यांत घाला, प्रत्येक भरणी पाऊण फरम्याची, म्हणजे तळापासून 18.75 सेंमी उंचीची. हे सोपं करायला टी आकाराची पट्टी करून घ्या. आडवी पट्टी फरम्याच्या कडांवर टेकते, उभी फळी आत लोंबते आणि फिरवली की जास्तीची वाळू बाजूला सारते. कोरड्या वाळूसाठी ही फळी कडेपासून सव्वासहा सेंमी आत गेली पाहिजे. ओल्या वाळूला ती कमी खोल लागते, त्याचे आकडे तिसऱ्या टप्प्यात आहेत. म्हणून फळीला वर-खाली सरकवता येईल अशी बोल्टची खाच ठेवा.

तपासणी: फरम्यात पाणी किंवा कोरडी वाळू मापाच्या डब्याने ओतून एकदा खात्री करा. 35 लिटरला अर्धा-एक लिटर इकडेतिकडे ठीक, तीन लिटर नाही.

स्लॅब छोटा आहे, गडी डोक्यावरून पाट्याच वाहणार आहेत, तर त्यालाही हरकत नाही. पण आधी एक फरमा किती सपाट पाट्यांत भरतो ते मोजा आणि तो आकडा मिक्सरशेजारी खडूने लिहा. पाटीवर पट्टी फिरवून सपाट करायची, शीग चालणार नाही. जेवणानंतर गडी बदलतात, तेव्हा पुन्हा एकदा मोजा.

## 2. आदल्या दिवशी: ढीग, पोती आणि पाणी

पोत्यावर छापलेला आठवडा-महिना वाचा. तीन महिन्यांवर गेलेलं, विशेषतः पावसाळा खाल्लेलं सिमेंट स्लॅबला नको. बोटांनी चुरगळत नाहीत अशा गुठळ्या निघाल्या तर ते पोतं बाजूला. आणि एक नियम पक्का करा: एक घाणा (मिक्सरमध्ये एका वेळी केलेला माल), एक पूर्ण पोतं. अर्ध्या पोत्याचा घाणा करायचा आणि सिमेंट पाटीने मोजायचं हा प्रकार बंद. सैल सिमेंट हवा धरतं, पाटी भरलेली दिसते आणि वजन कमी असतं.

क्रश सँडकडे जरा जास्त लक्ष द्या. येरळा-माणगंगेच्या वाळूची सवय असलेले जुने मिस्त्री क्रश सँडलाही तोच हात लावतात, तिथे चुकतं. क्रशरचा दाणा टोकदार असतो, सोबत भुकटीही असते, त्यामुळे तेवढ्याच पातळ मालाला ती जास्त पाणी मागते. धुतलेली सँड असेल तर डंपरमधून अक्षरशः गळत येते. रात्रभरात ढिगाचा वरचा थर वाळतो आणि तळाची वाळू निथळत राहते. सकाळचे घाणे वरच्या वाळूचे, दुपारचे तळाच्या. म्हणूनच ‘सकाळी माल छान होता, दुपारी पातळ झाला’ असं होतं. उपाय साधा आहे: आदल्या संध्याकाळी ढीग खोऱ्याने वर-खाली करून घ्या आणि ताडपत्री टाका.

खडीचं उलटं. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात एप्रिल-मे महिन्यांत खडी तापून कोरडी ठणठणीत असते. आपला काळा दगड फार पाणी पीत नाही, पण वजनाच्या एखादा टक्का पितो. एका घाण्यातली खडी साधारण 167 किलो. म्हणजे दीड-पावणेदोन लिटर पाणी ती मालातून ओढून घेते, माल पाहता पाहता घट्ट होतो आणि गड्याचा हात पाइपाकडे जातो. आदल्या रात्री खडीवर पाणी मारून ठेवा. सकाळी वरून सुकलेली, आतून ओली अशी खडी मिळाली पाहिजे. ऐन स्लॅबच्या वेळी खडीवर पाइप सोडू नका. ते पाणीही हिशेबात येतं.

कृष्णाकाठच्या खारवट पट्ट्यात, मिरज, पलूस, वाळवा भागात, बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, सळई गंजते. चवीला मचूळ लागणारं पाणी तर तपासणीशिवाय नकोच.

## 3. स्लॅबच्या सकाळी: वाळू किती फुगली आहे ते मोजा

बहुतेकांचं माप चुकतं ते इथेच.

ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा व्यापते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तो दाण्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. चार-पाच टक्के ओलाव्याला वाळू 25-30 टक्के फुगलेली सापडते, बारीक वाळू त्याहून जास्त. फरमा भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते. 25 टक्के फुगवटा असताना दीड फरमा घातलात तर प्रत्यक्षात सव्वा फरम्याच्याही आतच वाळू पडली.

त्याचा परिणाम मजेशीर आहे. वाळू कमी म्हणजे सिमेंटचं प्रमाण वाढलं, मग माल जास्त मजबूत व्हायला हवा, असं वाटतं. होतं उलटं. वाळू कमी पडल्यामुळे खडी उघडी पडते, माल खोऱ्याला खरखरतो, बीमच्या सळयांमधून खाली उतरत नाही. मिस्त्रीला तो ‘घट्ट’ वाटतो आणि तो पाणी मागतो. पाण्याने खडी काही झाकली जात नाही. सिमेंटचं पाणी खाली उतरतं आणि खडी वर राहते. सेंट्रिंग काढल्यावर बीमच्या पोटाला जाळी दिसते ती अशी तयार झालेली असते.

मोजायची पद्धत:

सरळ बाजूंची पारदर्शक बरणी घ्या. ढिगाच्या आतली वाळू त्यात न दाबता 15 सेंमीपर्यंत भरा, वरून सपाट करा. वाळू दुसऱ्या भांड्यात काढा. बरणी अर्धी पाण्याने भरा आणि वाळू थोडी थोडी करून परत आत सोडा, सळईच्या तुकड्याने ढवळत. वाळूवर वरून पाणी ओतू नका, हवा अडकते आणि आकडा चुकतो. आता वाळूची उंची मोजा. 15 ची 12 झाली असेल तर फुगवटा 25 टक्के (3 भागिले 12). 13 झाली तर 15 टक्के.

मग टी पट्टी लावा. दोन भरण्यांपैकी प्रत्येकीची उंची: फुगवटा 10 टक्के असेल तर 20.6 सेंमी, 20 टक्क्यांना 22.5, 25 टक्क्यांना 23.4, 30 टक्क्यांना 24.4. म्हणजे 30 टक्क्यांना पट्टी कडेपासून जेमतेम अर्धा सेंमी आत.

इशारा: पाणी निथळणारी, चिंब वाळू जवळपास फुगत नाही, पापुद्रा फुटून दाणे पुन्हा एकमेकांवर बसतात. पाटण, जावळी, शिराळ्याकडे भर पावसात काम निघालं तर ‘वाळू ओली आहे, वाढवून घाला’ हा ठोकताळा लावू नका. तिथे वाळूचं माप बरोबर असतं, पाणी मात्र भरमसाट असतं.

ही चाचणी सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि नवा डंपर खाली झाला की लगेच.

## 4. पाणी: डब्यावर रेघ मारा

सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी पुरतं. त्यावर आपण घालतो ते माल हलवता-ओतता यावा म्हणून. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. ताकद जाते ती त्यांच्यामुळे आणि गळती होते तीही तिथूनच.

आयएस 456 च्या प्रमाणांच्या तक्त्यात एम 20 साठी पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी दिलं आहे. पण त्याच संहितेत टिकाऊपणासाठी पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.55 च्या वर नको असंही आहे, तेही ऊन-पावसापासून झाकलेल्या कामाला. हिशेब केला तर पोत्याला 27.5 लिटर होतात. मी 27 धरायला सांगतो. गच्चीच्या स्लॅबला 25 लिटरपर्यंत आणता आलं तर फारच बरं, पण त्याला प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल सैल ठेवणारं रसायन) लागतो.

यात पाच लिटर वाढवा, म्हणजे छोटी अर्धी बादलीही नाही. गुणोत्तर 0.54 वरून 0.64 वर जातं आणि ताकद साधारण पाचवा ते चौथा हिस्सा खाली येते. एम 20 म्हणून टाकलेला माल एम 15 च्या वाटेला लागतो. सिमेंट तेच, पैसे तेच.

आता वाळूतलं पाणी. किलोभर वाळू किराणा दुकानातल्या काट्यासारख्या काट्यावर मोजा आणि कढईत भाजा. दाणे सुटे वाहायला लागले की उतरवा. पांढरीफटक होईपर्यंत भाजू नका, कारण दाण्यात मुरलेलं पाणी मालात उतरत नाही. परत मोजा. 950 ग्रॅम भरली तर किलोमागे 50 ग्रॅम पाणी. एका घाण्यात वाळू कोरडी धरून 83 किलोच्या आसपास, ओली साधारण 87. म्हणजे वाळूबरोबरच चार-सव्वाचार लिटर पाणी मिक्सरमध्ये पडतंय. 27 मधून ते वजा करा, हातात राहिले 23 लिटर.

दोन डबे ठेवा. एका डब्यावर आजच्या आकड्याची रंगाने रेघ. दुसरा लिटरभराचा, फक्त वर-खाली करण्यासाठी. ‘पंधरा लिटरची’ म्हणून विकत घेतलेली बादली काठोकाठ किती घेते ते एकदा मापून बघा; विश्वास बसणार नाही इतका फरक निघतो. आणि मिक्सरजवळचा पाइप पिंपात सोडा, गड्याच्या हातात नको. माझ्या मते पूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करावी.

## 5. मिक्सरमध्ये घालायचा क्रम

पहिला घाणा नेहमी फसतो, कारण ड्रमच्या भिंतीला सिमेंट-वाळूचा लेप बसतो आणि बाहेर नुसती खडी पडते. पहिल्या घाण्यात खडी थोडी कमी घ्या किंवा सिमेंट-वाळू थोडी जास्त. तो माल कॉलमला नको.

त्यानंतर प्रत्येक घाण्याला:

1. मोजलेल्या पाण्यातलं थोडं आधी ड्रममध्ये.
2. हॉपरमध्ये खाली खडी, तिच्यावर सिमेंट, वर वाळू. सिमेंट मध्ये राहिलं की उडत नाही आणि हॉपरला चिकटत नाही.
3. हॉपर उलटा केला की राहिलेलं पाणी सावकाश. दोन-तीन लिटर हातात राखून ठेवा.
4. सगळं आत गेल्यापासून पूर्ण दोन मिनिटं. घड्याळ लावून.

दोन मिनिटं साइटवर फार वाटतात, मागे पाट्या घेऊन रांग उभी असते. पण अर्ध्या मिनिटात काढलेला माल घट्टच वाटणार, सिमेंट अजून खडीभोवती पसरलेलंच नसतं. पुष्कळदा राखून ठेवलेले दोन लिटर फिरवण्यानेच वाचतात.

प्लास्टिसायझर किंवा वॉटरप्रूफिंगचं लिक्विड असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, मापानेच, शेवटच्या पाण्यात मिसळून. पाणी वाढवून वर वॉटरप्रूफिंग घालणं म्हणजे भोक पाडून ठिगळ लावणं.

## 6. माल घट्ट वाटला तर काय करायचं

आधी मोजा. माल किती खचतो (स्लम्प) ते मोजायचा स्लम्प कोन भाड्याने मिळतो, विकत घेतला तरी फार महाग नाही. उंची 30 सेंमी, वरचं तोंड 10, खालचं 20. तीन थरांत भरा, प्रत्येक थराला 16 एमएमच्या सळईने 25 ठोके, मग कोन सरळ वर उचला. माल किती खचला ते मोजा. दाट सळयांच्या स्लॅब-बीम-कॉलमला 50 ते 100 एमएम पुरतो, अट एकच की व्हायब्रेटर (माल हलवून बसवणारं यंत्र) चालू पाहिजे.

स्लम्प या पट्ट्यात असूनही वरून ‘घट्ट’ अशी हाक आली तर दोष मालात नाही. एकतर व्हायब्रेटर बंद आहे, नाहीतर माल ओतायला उशीर होतोय. स्लम्प 40 च्या खाली आला तर पाण्याआधी वाळू बघा. माल खरखरीत आहे, खडी उघडी दिसते? फुगवटा पुन्हा मोजा, वाळू कमी पडतेय. माल गुळगुळीत आहे पण ताठ? ऊन वाढलंय, खडी सुकलीय. राखलेलं पाणी वापरा, आणि तरी पुरलं नाही तर पाण्याबरोबर सिमेंटही त्याच प्रमाणात वाढवा. लिटरभर पाण्याला दोन किलो सिमेंट.

उलट स्लम्प 60 वरून एकदम 130 वर गेला तर गडी पाइपाला हात लावत नसल्याची खात्री करा आणि वाळूचा ढीग बघा. बहुधा तळाची चिंब वाळू सुरू झालेली असते.

इशारा: जेवणाच्या सुट्टीत पडून राहिलेल्या, घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो ‘उठवू’ नका. सुट्टीआधी शेवटचा घाणा ओतून संपेल असं बघा.

शहरात आरएमसीची (प्लँटवर तयार केलेल्या मालाची) गाडी मागवणाऱ्यांनाही हे लागू आहे. गाडी साइटवर आल्यावर ड्रममध्ये पाइप लावायला देऊ नका; प्लँटवर कितीही काटेकोर मोजलेलं असो, इथे दहा मिनिटांत मातीत जातं.

## 7. पोत्यांवरून उलटा हिशेब

1:1.5:3 च्या एका घनमीटर मालाला साधारण आठ पोती लागतात. हजार चौरस फूट स्लॅब, पाच इंच जाडी: सुमारे 416 घनफूट, म्हणजे 11.8 घनमीटर, म्हणजे 94-95 पोती. बीमचं वेगळं धरा.

अर्धा स्लॅब झाला की रिकामी पोती मोजा. 47 च्या जागी 55 गेली असतील तर वाळू किंवा खडी कमी पडतेय किंवा स्लॅब जाड चाललाय. जाडी सळई खुपसून तपासा. 40 च गेली असतील तर फरमे जास्त पडताहेत, ताबडतोब थांबवा. कंत्राटदार “पोती वाचवली” म्हणून खूश असेल, तुम्ही होऊ नका.

## 8. क्यूब भरताना

मालाची ताकद तपासायला त्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून मशिनवर फोडतात. 15 सेंमीचे साचे, तीन थर, प्रत्येक थराला 35 ठोके. सहा ते पंधरा घनमीटरच्या कामाला दोन नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब; वरच्या उदाहरणातला स्लॅब यातच बसतो. सात दिवसांनी बघायचं असेल तर तीन जादा. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात बुडवून ठेवा.

क्यूबसाठी मुद्दाम घट्ट, खास घाणा केला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. नमुना न सांगता, मधल्याच कुठल्यातरी घाण्यातून घ्या. एक सकाळचा, एक जेवणानंतरचा. क्यूबवर तारीख, घाण्याचा क्रमांक आणि त्या घाण्याला घातलेलं पाणी लिहा. पाण्याचा आकडा नसेल तर कमी निकालातून काही शिकता येत नाही. क्यूब फोडायला कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचं वालचंद महाविद्यालय इथे, नाहीतर जवळच्या खासगी लॅबमध्ये आधी चौकशी करा.

मशिनवर एम 20 चा आकडा 450 किलोन्यूटन. साध्या ओपीसी सिमेंटचा क्यूब सात दिवसांनी त्याच्या दोन तृतीयांशाच्या, म्हणजे 300 च्या आसपास जातो. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर सात दिवसांना त्याहून कमी येतं, घाबरू नका, 28 व्या दिवसाची वाट बघा. पण पीपीसीच्या स्लॅबवर वाफे करून किमान दहा दिवस पाणी उभं ठेवा. एकाच नमुन्यातले तीन क्यूब एकमेकांपासून फार लांब असले, सरासरीच्या 15 टक्क्यांहून जास्त, तर तो निकाल धरायचा नाही. क्यूब भरण्यातच चूक आहे. सकाळचा नमुना चांगला आणि दुपारचा पडलेला असेल तर लिहून ठेवलेल्या नोंदींत दुपारच्या पाण्याचा आणि फुगवट्याचा आकडा शोधा.